चेचेन अब्रेक बंडखोर आणि त्यांचे गावकरी: माहिती हवी आहे (रशियन येणाऱ्यांनी प्लीज बघा)

नमस्कार मंडळी, रशियाच्या दक्षिणेकडच्या कॉकेशस डोंगरांतल्या अब्रेक लोकांवर मोठा लेख लिहायला घेतलाय आणि एका ठिकाणी अडलंय. अब्रेक म्हणजे घरदार सोडून डोंगरात गेलेला, सरकारशी उघड वैर धरलेला माणूस. रशियाविरुद्धच्या लढ्याचा म्होरक्या इमाम शमील 1859 ला रशियन फौजेला शरण गेला तरी चेचेन, इंगुश डोंगरांत हे लोक होतेच. सगळ्यात गाजलेला खाराचोय गावचा झेलिमखान. लग्नावरून दोन घराण्यांत पेटलेलं वैर, मग तुरुंग, तिथून पळाला, आणि 1910 ला किझल्यार शहरातल्या खजिन्यावर भरदिवसा दरोडा, तोही कोसॅक सैनिकांचे कपडे घालून! 1913 ला शालीजवळ मारला गेला. त्याच्या मृतदेहाभोवती पोज देऊन उभे राहिलेले सैनिक, असा एक फोटो नेटवर आहे, मला तो फार वेळ बघवत नाही.

मला प्रश्न पडलाय तो गावकऱ्यांचा. अब्रेक सापडला नाही की सरकार गावावर दंड बसवायचं, नातेवाइकांना सैबेरियात धाडायचं. सागोप्शी गावचा इंगुश अब्रेक सुलुम्बेक तर गावाला हद्दपारीची धमकी आली म्हणून स्वतः हजर झाला, 1911 ला त्याला फाशी दिली. मग ज्यांची गुरंढोरं दंडापायी गेली ते या माणसांबद्दल घरात काय बोलत असतील? आसरा मनापासून द्यायचे, पाहुण्याला नाही म्हणायचं नाही या रीतीपोटी, की भीतीने? देचिग-पोंदुर या चेचेन वाद्याच्या तीन तारांवर गातात त्या इल्ली वीरगीतांत पराक्रम भरपूर, सरकारी कागदांत नुसता 'दरोडेखोर', आणि दंड भरणारा माणूस दोन्हीकडे गायब.

शेवटचा अब्रेक म्हणतात तो खासुखा मागोमादोव थेट 1976 ला मारला गेला. 1944 ला स्टालिनने सगळे चेचेन-इंगुश मध्य आशियात नेऊन टाकले, तेव्हाही हा डोंगरातच. गावंच्या गावं ओस पडल्यावर त्याला पीठमीठ कोण देत होतं?

माखचकला (दागेस्तानची राजधानी), नाल्चिकला एमबीबीएस करणारी आपली मुलं इथे असतील तर तिकडच्या मित्रांच्या आजीआजोबांना विचाराल का? किझल्यार दागेस्तानातच आहे. रशियन वाचणाऱ्यांनी दंड, हद्दपारीचे छापील दस्तऐवज किंवा गावकऱ्यांच्या आठवणी कुठे मिळतील ते सांगा. फक्त तारीख देताना रशियाच्या जुन्या (ज्युलियन) कॅलेंडरची की नव्या ते लिहा, झेलिमखानच्या वेळच्या, म्हणजे 1900 नंतरच्या तारखांत 13 दिवसांचा फरक पडतो. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला तरी चालेल.