येऊरला भरदिवसा दिसलेले पतंग: ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पावसाळा ओसरला की आमची रविवारची सकाळ ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात ठरलेली. फुलपाखरं बऱ्यापैकी ओळखता येतात; २०१५ला राज्य फुलपाखरू झाल्यापासून नीलवंत तर सोसायटीतली पोरंही लांबून सांगतात. गाडी अडते ती पतंगांपाशी. आता याच पोरांना येऊरला न्यायचं आहे आणि "काका, हे काय?" हा प्रश्न दर दहा पावलांवर येणार. म्हणून जाणकारांना साकडं. खालचे सगळे सकाळी नऊ-दहाला, चांगलं ऊन असताना दिसलेत.

पहिली एक जोडी. गवताच्या पात्यावर शेपटाला शेपूट जुळलेलं, तोंडं विरुद्ध दिशांना. काळे अरुंद पंख, त्यात पारदर्शक खिडक्या, पोटावर पिवळे-नारिंगी पट्टे. आधी गांधीलमाशीच वाटली. फोन वीतभर अंतरावर नेला तरी दोघं ढिम्म!

दुसरा मोठा, निळसर करडा, पंखांवर जांभळट काळे पट्टे. झाडाच्या शेंड्याभोवती फुलपाखरासारखा आरामात फिरत होता, मग पानावर पंख सपाट पसरून बसला.

खुळखुळ्याच्या झुडपांतून चाललं की पायाशी छोटे पांढरे पतंग उडायचे, पंखांवर लाल-काळे ठिपके. चार हात उडून पुन्हा गवतात गडप.

घाणेरीवर हिरवट अंगाचा, काचेसारख्या पंखांचा एक सतत घोंगावत होता. फुलावर टेकतच नव्हता, त्यामुळे फोटो म्हणजे नुसता हिरवा फराटा.

शेवटचा, ओढ्यावरच्या मोरीखाली, तळहाताएवढा तपकिरी. पुढच्या पंखांवर घुबडाच्या डोळ्यासारखा ठसठशीत डोळा. आम्ही वाकलो तसा भुर्रकन उडाला.

यातले खरोखर दिवसा फिरणारे कोणते? आणि आई म्हणते पतंगाच्या पंखाची पूड डोळ्यांत गेली की माणूस आंधळा होतो. मुलं बरोबर असणार, म्हणून विचारतो.

कुर्डू: शेवटचा सोडून बाकी सगळे दिवसा उडणारेच. मोरीखालचा बहुधा एरेबस मॅक्रॉप्स. तो रात्रीचा गडी, दिवसा अंधाऱ्या जागी झोपतो. तुम्ही उठवलात म्हणून उडाला.

जोडी अमाटा गटातली. तिला डंख नाही, सोंग मात्र गांधीलमाशीचं, म्हणून भरउन्हात बिनधास्त बसते. मिलन तासन्‌तास चालतं, तेव्हा तुमच्या फोनसाठी कोण हलणार! प्रजात फोटोवरून सांगणं अवघड. भारतात फुलपाखरं तेराशेच्या वर आणि पतंग दहा हजारांच्या वर, त्यामुळे पतंगांत गटापर्यंत पोचलो तरी आनंद मानायचा.

निळा तो डिस्फेनिया परकोटा. त्याच्या अळ्या फणशीच्या झाडावर वाढतात. पिवळ्याधमक, काळपट ठिपक्यांच्या, पाठीची कमान करत चालणाऱ्या. जिथे तो शेंड्याभोवती फिरत होता ते झाड कोणतं होतं? फणशी असेल तर खालच्या फांद्यांची पानं बघा, मुलांना पतंगापेक्षा अळ्याच जास्त आवडतील.

पळसफूल: खुळखुळ्यातला युटेथिसा. अळी खुळखुळ्याच्या शेंगा खाते आणि त्यातलं विष अंगात साठवते, मोठं झाल्यावरही ते उपयोगी पडतं. ठिपके म्हणजे पक्ष्यांना सूचना. बसलेला असताना पंख अंगाभोवती गुंडाळून अगदी बारीक होतो, म्हणून गवतात सापडत नाही.

घाणेरीवरचा सेफोनोडिस हायलास. कोशातून निघताना त्याच्या पंखांवर खवले असतात, पहिल्या उड्डाणातच ते झडतात आणि काच उरते. कोणाच्या बाल्कनीत अनंत आहे का? पानं कुरतडलेली दिसली आणि शेपटाला काटा असलेली हिरवी अळी सापडली, तर ती बरेचदा याचीच असते. काटा टोचत नाही. माझा अर्धा अनंत दरवर्षी तिच्या पोटात जातो, तक्रार नाही.

धागाकर्ता: दोघांचे आभार! झाड नीट पाहिलंच नाही, आता आधी तिकडे जातो. पुडीचं राहिलं.

कुर्डू: ती पूड म्हणजे सुटलेले खवले. डोळ्यांत गेले तर चुरचुरेल, पाण्याने धुवायचं. आंधळं वगैरे काही होत नाही. मुलांना खरं सांभाळायचं ते केसाळ सुरवंटांपासून. केस कातडीत रुतले की खाज आणि गांधी उठतात, तेव्हा चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढून काढायचे आणि साबणाने धुवायचं. पूर्ण बाह्यांचे शर्ट घाला आणि चिकटपट्टी खिशात ठेवा.

धागाकर्ता: ठेवतो. फणशीचं खोड ओळखायची काही खूण?