पावसाळ्यात घाटात भरवशाचे ठरतील असे परवडणारे टायर सुचवावेत

नमस्कार. आईची तब्येत बरी नसल्याने मला दर शनिवारी कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जावे लागते. माझ्या स्विफ्टचे टायर (165/80 आर14) सहा वर्षांचे झाले असून त्यांच्या खाचा जेमतेम 2 मिलिमीटर उरल्या आहेत. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर असली, तरी गेल्या आठवड्यात एका उतरत्या वळणावर रस्त्यावरून पाणी वाहत असताना ब्रेक दाबूनही गाडी तशीच पुढे सरकत गेली आणि तेव्हापासून मनात धास्ती बसली आहे.

चार टायरांसाठी 18,000 रुपयांपर्यंत खर्च करता येईल. जास्त किलोमीटर चालणाऱ्या टायरांचे रबर सहसा कडक असते आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी पडते, म्हणून टायर थोडे लवकर झिजले तरी चालतील. एमआरएफ, अपोलो, सीएट यांपैकी कोणते मॉडेल आपण स्वतः कोकणातल्या पावसात वापरले आहे?

तूर्त दोनच घेतले, तर दुकानदार ते पुढे बसवा म्हणतो. मला मात्र मागे बसवणे योग्य वाटते, कारण मागची चाके घसरली की गाडी सावरणे फार कठीण जाते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.