मोकळा तास रोज दहालाच द्या, एवढंच मागणं आहे

विज्ञानवाली_बाई (नाशिक)

मी एका विनाअनुदानित शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. बाळ पाच महिन्यांचं आहे. रजा २६ आठवड्यांची मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण बीपी वाढल्यामुळे सात आठवडे बाळंतपणाआधीच गेले आणि बाळ साडेचार महिन्यांचं असताना मी रुजू झाले.

सकाळी साडेसहाला पाजून निघते, घरी पोचायला पावणेदोन होतात. दहा वाजत आले की छाती दगडासारखी होते. गेल्या मंगळवारी आठवी ब मध्ये प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते. खिडकीखालच्या रस्त्यावर कुणाचं तरी तान्हं रडलं आणि मला पान्हा फुटला. आपतन कोन काढण्याच्या निमित्ताने फळ्याकडेच तोंड ठेवलं, मग हजेरीपट छातीशी धरून उरलेली पंधरा मिनिटं काढली. पहिल्या बाकावरच्या मुलीने काही न बोलता स्वतःचा स्वेटर पुढे केला.

दूध काढायला जागा आहे ती क्रीडासाहित्याची खोली. लेझीम, डंबेल्स, धुळीच्या गाद्या, आणि दाराला आतून कडी नाही. शिपाई मावशी बाहेर उभ्या राहतात म्हणून जमतं. त्यांना ऑफिसातून हाक आली की मी पंप अर्ध्यावर बंद करते. असं तीन-चारदा झालं, डावीकडे गाठ धरली, ताप भरला आणि दोन दिवस रजा गेली.

आठवड्याच्या ४८ तासिकांपैकी ३२ माझ्याकडे आहेत, १६ मोकळ्या. त्यात वाढ नको. रोजची एक मोकळी तासिका मधल्या सुट्टीला लागून ठेवा आणि तेवढ्या वेळात मला बदली तासाला पाठवू नका, इतकंच मागितलं. पर्यवेक्षक म्हणाले, "एकीला दिलं की सगळ्या मागतील." मागू देत ना! तुम्हाला काय वाटतं?

खडू_डस्टर

विरोधात लिहितेय, राग मानू नका. मोकळी तासिका कागदावर मोकळी असते. प्रत्यक्षात रोज दोघी-तिघी रजेवर असतात आणि त्यांचे वर्ग उरलेल्यांत वाटले जातात. तुमचं नाव त्या यादीतून गेलं की तो तास माझ्याकडे येतो. गेल्या महिन्यात माझ्या वाट्याला अकरा बदली तास आले. ५५ मुलांना सांभाळत वह्या तपासायच्या म्हणजे घसा बसतो. माझ्या वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, त्यासाठी मी अर्धी रजा टाकते. माझ्यासाठी कुणी वेळापत्रक हलवलं नाही. बाळाची आई सगळ्यांना दिसते, आजारी माणसाची मुलगी कुणाला दिसत नाही.

विज्ञानवाली_बाई

ताई, हे मला लागलं, कारण ते खरं आहे. पण तुमचे अकरा तास कुणाच्या बाळामुळे वाढलेले नाहीत, शाळेने राखीव शिक्षक ठेवला नाही म्हणून वाढलेत. बदली तास मी टाळत नाहीये. शेवटच्या दोन तासिकांत हवे तेवढे द्या, मी जाते. आणि वडिलांसाठी तुम्ही अर्ज केलात तर अशा अर्जावर मी पहिली सही करेन.

पंचवटीच्या_आजी

मी १९८५ साली नोकरीत होते. तीन महिन्यांची रजा संपली की कामावर. माझ्या सासूबाई मधल्या सुट्टीत बाळाला कडेवर घेऊन फाटकाशी यायच्या, पहारेकऱ्याच्या खोलीत बसून मी पाजायचे. मुलगा छान वाढला. बाळाला आईची ऊब लागते ग, यंत्रातून काढून बाटलीत भरलेलं दूध म्हणजे पाजणं नव्हे. आणि सहा महिने झाले की पेज, नाचणीचं सत्त्व सुरू होतंच. हिरकणीने कुणाकडे खोली मागितली होती का?

सिडकोतला_बाबा

आजी, आदराने सांगतो. आमची मुलगी चौतिसाव्या आठवड्यात झाली. पेटीत होती, ओढायची ताकद नव्हती. हिने काढलेलं दूध मी स्वतः वाटी-चमच्याने थेंब थेंब पाजलंय. मुंबईला सायनच्या रुग्णालयात तर डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी सुरू केली, तिथे एका आईचं काढलेलं दूध दुसरीच्या अशक्त बाळाला देतात. म्हणजे काढलेलं दूध काही कमी प्रतीचं नसतं.

सहा महिन्यांनी पेज सुरू होते, पण अंगावरचं लगेच तोडायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि पुढेही पाजा म्हणते. आणि दूध काढलं नाही तर शरीर समजतं की गरज संपली, दूध आटत जातं.

साठवण्याचं: २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास चालतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा गोठवलेले आइस पॅक घालून थर्मल पिशवीतच ठेवा. त्यात चोवीस तास टिकतं. डब्यावर वेळ लिहायची. द्यायच्या वेळी डबा कोमट पाण्यात धरायचा, दूध उकळायचं नाही.

पेठची_झेडपी_बाई

आमची शाळा द्विशिक्षकी. चार वर्ग, दोन खोल्या, आणि सर बैठकीला गेले की मी एकटी. इथे वेळापत्रकात मोकळा तास हा प्रकारच नाही. मुलं खिचडी खायला बसली की मी दुसऱ्या खोलीचं दार लोटून हाताने दूध काढते. पंपापेक्षा मला हातच बरा वाटतो, आवाज नाही, धुवायची भांडी नाहीत. पण बर्फ कुठून आणू? रोजचं दूध मागच्या जांभळाच्या बुंध्याशी ओतते. पहिल्या दिवशी ओतताना रडू आलं होतं. आता छाती हलकी होते आणि दूध टिकतं, एवढ्यावर समाधान मानते. विज्ञानवाल्या ताईंना विरोध नाही. फक्त हा विषय निघाला की सगळं बोलणं शहरातल्या मोठ्या शाळांपाशी थांबतं, म्हणून लिहिलं.

वेळापत्रक_करणारा

मी दुसऱ्या एका शाळेत पर्यवेक्षक आहे. २४ तुकड्या, ३१ शिक्षक. प्रयोगशाळेच्या जोड तासिका, अर्धवेळ चित्रकला शिक्षक, दोन शाळांत विभागलेले पीटीचे सर, एवढं जुळवताना जून संपतो. एकीचा तास रोज त्याच जागी अडवला की सहा तुकड्यांचं गणित हलतं. त्या पर्यवेक्षकांनी ते ज्या शब्दांत सांगितलं ते चुकलंच, पण अडचण खोटी नाही. आणि पाळणाघराची कायद्यातली अट ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे आहे, आमच्यासारख्यांना ती लागत नाही.

विज्ञानवाली_बाई

सर, पाळणाघराची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आली. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी द्यायची, हे १९६१ च्या मूळ मातृत्व लाभ कायद्यातच होतं, आणि त्याला ५० ची अट नव्हती. शाळेशी कायद्याने भांडायला मी निघालेले नाही. पण आमच्या सत्तावन्न वर्षांच्या पर्यवेक्षकांना ही गोष्ट कालपरवाची फॅशन वाटते, म्हणून सांगितलं.

आजी, हिरकणीबद्दल. तिने खोली मागितली नाही, पण दरवाजा उघडा अशी विनवणी केली होती. गडाचे दरवाजे मावळतीला बंद झाले होते आणि नियम म्हणून कुणी उघडले नाहीत, म्हणून ती काळोखात कडा उतरली. आपण वर्गात तिचं धाडस रंगवून सांगतो, बंद दरवाजाचं कुणी बोलत नाही. दूध विकून जगणारी, कामावर जाणारी बाईच होती ती.

देवळालीकर

आपल्याच भागातलं उदाहरण देते. आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या, तेव्हा कौतुक झालं. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्यांनी हिरकणी कक्षातली धूळ दाखवली. दारावर पाटी लावली म्हणजे सोय झाली, असं नसतं. शाळांनीही पाटीच्या आधी कडी आणि केरसुणीचं बघावं.

पंचवटीच्या_आजी

दरवाजाचं बोललीस ते पटलं. यंत्राचं अजून मनाला येत नाही, पण माझ्या फाटकाजवळ सासूबाई उभ्या होत्या हेही खरं. त्या आल्या नसत्या तर मी काय केलं असतं, याचा विचार मी आज पहिल्यांदा केला.

खडू_डस्टर

माझं मत फारसं बदललेलं नाही. मोकळा तास द्या, पण त्याबरोबर लेखी द्या की त्या तासाचा भार ठरावीक दोघींवर पडणार नाही, पाळीपाळीने सगळ्यांवर, सरांवरही पडेल. आमच्याकडे बाईच्या कामाचा भार बाईवरच टाकतात. तेवढं लेखी आलं की माझा विरोध संपला.

वेळापत्रक_करणारा

पाळी लावणं जमण्यासारखं आहे. विज्ञानवाल्या बाई, तुमच्या प्रयोगशाळेच्या जोड तासिका कोणत्या दिवशी येतात?

विज्ञानवाली_बाई

मंगळवारी आणि गुरुवारी, तिसरी-चौथी तासिका, अगदी सुट्टीच्या तोंडावर. त्या पाचव्या-सहाव्या तासिकेला सरकवता आल्या तर झालं, बाकीचे चार दिवस तो तास आत्ताच मोकळा आहे. हे कागदावर मांडून सोमवारी पर्यवेक्षकांना देते, आणि खडू_डस्टर ताई, तुमचं पाळीचं वाक्य त्यात जसंच्या तसं घालते. कडीसाठी थांबत नाही, सुताराला उद्या शाळा सुटल्यावर बोलावलंय.