मदत हवी आहे: पुंगळ्या छाटल्यावर लांबी एकसारखी का येत नाही?

नमस्कार. मी अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो, .308 विंचेस्टर रायफलने कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो आणि काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या (रिकामी आवरणे) घरीच पुन्हा भरतो. या पुंगळीची कमाल लांबी 2.015 इंच, म्हणजे 51.18 मिलिमीटर आहे. गोळी झाडताना आणि नंतर डायमधून (पोलादी साच्यातून) दाबून मापात आणताना पितळ तोंडाकडे सरकते. लांबलेले तोंड चेंबरच्या (नळीतील काडतूस बसण्याच्या पोकळीच्या) टोकाला भिडून गोळीला आवळून बसले, तर दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. त्यामुळे छाटणीत मला जराही हयगय नको आहे.

अडचण अशी की, हाताने फिरवायच्या ट्रिमरचे (पुंगळीचे तोंड छाटणाऱ्या साधनाचे) पाते 2.005 इंचांवर पक्के करूनही कॅलिपरवर 2.002 ते 2.009 अशी मापे येतात. छाटणी मी डायनंतरच, वंगण पुसून करतो. काल एका पुंगळीच्या बुडाची कड नखाने चाचपली, तेव्हा एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी चेंबरबाहेर काढणाऱ्या रायफलच्या आकड्याने) ओढताना उठलेला बारीक कंगोरा हाताला लागला. ट्रिमर पुंगळीला त्याच कडेने धरतो, म्हणून माझा संशय तिथेच आहे.

हा कंगोरा बारीक कानशीने घासणे योग्य ठरेल का, की पुंगळीच्या खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) टेकून छाटणारा ट्रिमर घ्यावा? शिवाय, अंतिम माप तोंडाची आतली-बाहेरची धार मोडण्यापूर्वी घ्यावे की नंतर? स्वतः छाटणी करणाऱ्या अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.