ग्रँड कॅनियनच्या आत तंबूत राहिलायत का? अनुभव लिहा

मंडळी, वरून फोटो काढून परतणारे खूप, हा धागा खाली उतरून मुक्काम केलेल्यांसाठी. कुठे राहिलात, पाणी कुठे मिळालं, सगळं लिहा. सुरुवात मी करते. आम्ही साउथ कैबाब ट्रेलने उतरलो, नदीजवळ ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडला राहिलो आणि ब्राइट एंजल ट्रेलने वर आलो. कैबाब साधारण ७ मैल, पण वाटेत पाणी नाही नि सावलीही जवळपास नाही, म्हणून तो उतरायलाच घ्या, चढताना लांबचा पण वाटेत पाणी मिळणारा ब्राइट एंजलच बरा. आपल्याकडे गड आधी चढतो, दम लागला तर मागे फिरतो, इथे दम लागेपर्यंत तुम्ही ४,००० फुटांहून जास्त खाली पोचलेले असता!

*

लेकीला घेऊन गेलो होतो म्हणून नदीपर्यंत न जाता ब्राइट एंजल ट्रेलवरच्या हवासुपाई गार्डन्स कॅम्पग्राउंडला थांबलो, वरून साडेचार मैल. झाडं आहेत, ओढा आहे, सॅक तिथेच ठेवून संध्याकाळी प्लॅटो पॉइंटला गेलो, खाली कोलोरॅडो नदी दिसते, फारच सुंदर. २०२२ पर्यंत याला इंडियन गार्डन म्हणायचे. हवासुपाई या तिथल्या आदिवासी लोकांची इथे शेती होती आणि पार्कने त्यांना इथून हुसकावलं, हे मुलांना जरूर सांगा. आणि खाऊ तंबूत नको, लोखंडी पेट्या असतात त्यात ठेवा, तिथल्या खारी सॅक कुरतडून आत शिरतात.

*

ताई, गर्दी नको असेल तर हर्मिट क्रीक या ओढ्याकाठचा कॅम्प बघा. वाट राखलेली नाही, मध्ये मध्ये दरड कोसळलेली आहे त्यावरून जपून जायचं, पण रात्री ओढ्याचा आवाज आणि डोक्यावर नुसत्या चांदण्या, मला तर ब्राइट एंजलपेक्षा हेच आवडलं. पाणी ओढ्याचं, फिल्टर करूनच प्या. शेकोटीला बंदी आहे त्यामुळे गॅसचा स्टोव्ह न्या, गरम मेतकूट भात झाला की बाकी काही लागत नाही.

*

हॉर्सशू मेसा या सपाट माथ्याच्या पठाराबद्दल कुणीच लिहिलं नाही? ग्रँडव्ह्यू ट्रेलने ३ मैल, जुन्या तांब्याच्या खाणीचे अवशेष आहेत. पाणी मात्र शून्य, सगळं पाठीवर. हिवाळ्यात वरच्या टप्प्यात बर्फ घट्ट होतो, बुटांना मायक्रोस्पाइक्स (घसरू नये म्हणून लावायचे खिळे) हवेतच.

*

जूनमध्ये जायचं म्हणणाऱ्यांना कळकळीने सांगतो, नको. नदीकाठी सावलीतसुद्धा ४० डिग्रीच्या वर जातं, रेंजर सकाळी १० ते दुपारी ४ चालू नका म्हणतात ते उगीच नाही. ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल धरा, मुक्कामाच्या परमिटची ऑनलाइन लॉटरी काही महिने आधी असते, ६ जणांपर्यंतचा ग्रुप लहान धरतात, ७ झालात की मोठ्या ग्रुपच्या जागा लागतात आणि त्या मोजक्याच आहेत. पाण्याची पाइपलाइन जुनी आहे, सारखी फुटते, निघायच्या आदल्या दिवशी कुठले नळ चालू आहेत ते पार्कच्या साइटवर बघून मगच बाटल्या भरा.