सुपरहिरोंचे चित्रपट मित्रासोबत पाहावेत की एकट्याने?

निशाचर : 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' मी एका मित्रासोबत पाहिला आणि तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की, आधीचे भाग न पाहिलेल्या माणसाला अशा चित्रपटाला नेऊच नये. 181 मिनिटांच्या चित्रपटात तो सतत 'हा कोण, ही का रडते' असे कानाशी विचारत राहिला. उत्तर द्यावे तर पुढचा संवाद निसटतो आणि न द्यावे तर तो रुसतो. त्यात शिट्ट्यांचा गोंधळ. असे चित्रपट एकट्यानेच पाहावेत.

इंद्रायणीकाठ : हे वाचून राहवले नाही. हा मार्व्हलच्या सुपरहिरो मालिकेतला बाविसावा चित्रपट होता आणि त्याचा सगळा डोलारा प्रेक्षकांच्या सामायिक आठवणींवर उभा होता. याच मालिकेतल्या 2015 च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये पार्टीनंतर एकेक जण थॉरचा, फक्त लायक माणसालाच उचलता येणारा, हातोडा उचलू पाहतो. कॅप्टन अमेरिकाच्या हातून तो किंचित हलतो आणि थॉरच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर मावळते. 2019 मध्ये, शेवटच्या लढाईत, तोच हातोडा कॅप्टनच्या हातात येतो, तेव्हा आमच्या चित्रपटगृहात असा जल्लोष झाला की काही क्षण कानाला दुसरे काही ऐकू येईना. माझ्या मैत्रिणीने आधीचा प्रसंग पाहिलेला नव्हता. मी तो दोन वाक्यांत सांगितला आणि लगेच तीही टाळ्या वाजवू लागली. घरी एकटीने पाहताना तो आनंद मला पुन्हा मिळाला नाही.

शिवाय तिचे बहुतेक प्रश्न कथेबद्दल नव्हतेच. भराभर बोललेले इंग्रजी तिला पकडता येत नव्हते. हा चित्रपट भारतात इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. मराठी माणसाला हिंदी कळते, एवढ्यावर आपली बोळवण होते आणि मग शेजारी बसलेल्या मैत्रिणीला दुभाषी व्हावे लागते.

निशाचर : डबिंगचा मुद्दा येथे ओढून आणला आहे. तमिळमध्ये विजय सेतुपती यांच्यासारख्या कसलेल्या नटाने आयर्न मॅनला आवाज दिला, तरी तिथले चाहते नाराज झाले. आयर्न मॅनचे, म्हणजे टोनी स्टार्कचे, निम्मे व्यक्तिमत्त्व ती भूमिका करणाऱ्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरच्या आवाजात आहे. तो मराठीत बोलू लागला तर हास्यास्पदच वाटेल.

अजिंक्यतारा : 'हास्यास्पद' हा शब्द मागे घ्यावा. स्वतःच्या भाषेबद्दल असे लिहिताना आपल्याला काहीच कसे वाटत नाही? तमिळ चाहते नाराज झाले ते आवाजाच्या निवडीवर. तमिळ डबिंगच नको, असे त्यावरून ठरत नाही. 'बाहुबली' मराठीत डब होऊन दूरचित्रवाणीवर आला आणि आमच्या घरी तो सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला.

माझा बालमित्र गॅरेज चालवतो. यंत्रे जुळवणारा नायक म्हणून त्याला आयर्न मॅन मनापासून आवडतो. 'एंडगेम'ची श्रेयनामावली संपताना पडद्यावर काहीच दिसत नाही, फक्त लोखंडावर पडणारे घाव ऐकू येतात. बहुतेक लोक निघून गेले होते. आम्ही दोघे बसून होतो. 2008 च्या पहिल्या 'आयर्न मॅन' चित्रपटात गुहेत चिलखत घडवतानाचे हे घाव, हे त्यानेच मला सांगितले. इंग्रजी संवाद मी त्याला समजावत होतो आणि हा आवाज त्याने मला समजावला. अशा सोबत्याला घरी ठेवून मी एकट्याने का जावे?

पडद्यामागे : आपण सगळे तिसऱ्या माणसाला विसरलात. तुमच्या पुढच्या रांगेत मी बसतो आणि मीही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. टाळी सगळ्यांची असते, कुजबुज मात्र दोघांचीच. मित्राला कथा समजवायची असेल तर तिकीट काढण्याआधी समजवा.

इंद्रायणीकाठ : पुढच्या रांगेला त्रास होतो, एवढे मान्य करते. तथापि, आधी एकवीस चित्रपट पाहून या, अशी अट मी कोणत्याही मैत्रिणीला घालणार नाही. मराठी आवृत्ती निघाली तर निम्मी कुजबुज आपोआप थांबेल.

निशाचर : हातोड्याच्या प्रसंगाला गर्दी हवी, हे नाइलाजाने मान्य. 'हास्यास्पद' हा शब्दही मागे घेतो, कारण तो भाषेला लागला. मला आवाजाबद्दल म्हणायचे होते. मराठी आवृत्ती आली तरी मी मूळ इंग्रजीच पाहीन आणि तेही एकट्याने.

अजिंक्यतारा : आपण खुशाल इंग्रजी पाहा. मराठी खेळाची मागणी आम्ही आमच्यासाठी करत आहोत.