विषय: घरी काडतुसं भरायला कोणता प्रेस घ्यावा?

पाठवणारा: पेअरलंडकर

नमस्कार मंडळी,

कोजागरीच्या मेलांमध्ये हा वेगळाच विषय आणतोय, पण आपल्या ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत नेमबाजीच्या रेंजवर जाणारी पाच-सहा घरं आहेत, म्हणून इथेच विचारतो. वर्षभर मी ९ एमएम पिस्तुलाच्या मॅचेस खेळतोय. महिन्याला ४०० काडतुसं सहज लागतात आणि रिकाम्या पुंगळ्यांच्या (झाडलेल्या काडतुसांच्या पितळी नळकांड्यांच्या) दोन बादल्या भरून पडल्यात. मित्राच्या सिंगल स्टेज प्रेसवर (काडतुसं भरायचं, एका वेळी एकच काम करणारं हाताचं यंत्र) भरून पाहिलं, शंभर काडतुसांत संध्याकाळ संपली. दोन्ही पोरं झोपली की रात्री नऊनंतर तासभर काय तो माझा.

म्हणून प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हँडल ओढलं की अनेक कामं एकदम करणारा प्रेस घ्यायचं ठरवलंय. ली प्रो १००० खिशाला परवडतो. डिलन ५५० ची सगळे स्तुती करतात. डिलन एक्सएल ७५० आणि हॉर्नडी लॉक-एन-लोड एपी यांच्या किमती पाहून हात आखडतो. केटीचे काका बरीच वर्षं भरतात असं ऐकलंय. काका, सांगाल का?

---

पाठवणारा: केटीचे काका

अरे, बरं केलंस विचारलंस.

किंमत आणि वेग बाजूला ठेव. आधी प्रत्येक प्रेसची स्टेशनं, म्हणजे पुंगळी जिथे थांबते ती घरं, मोज. हँडलच्या एका फेऱ्यात सगळ्या पुंगळ्या एकेक घर पुढे सरकतात. जुना प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी) काढून पुंगळी मापात आणणं, नवा प्रायमर, पावडर आणि तोंड किंचित फुलवणं, गोळी बसवणं, शेवटी क्रिंप, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणं. यात पावडर आणि गोळी यांच्यामध्ये एक घर रिकामं मिळतंय का, ते बघ. तिथे पावडर तपासणारा डाय (प्रेसच्या घरात बसवायचा सुटा भाग) बसतो. प्रो १००० ला तीनच स्टेशनं, तिथे तो मावतच नाही. ५५० ला चार, म्हणजे गोळी बसवणं आणि क्रिंप एकाच डायमध्ये उरकलं तरच जागा होते. ७५० आणि हॉर्नडी एपी, दोघांना पाच.

हे इतकं का धरून बसलोय, ते सांगतो. आठ वर्षांपूर्वी एका मॅचमध्ये माझ्या पिस्तुलातून 'धाड'च्या जागी नुसतं 'फट' झालं. हात पुढची गोळी झाडायच्या बेतात होता. रेंज ऑफिसर 'स्टॉप' म्हणून ओरडला आणि मी थांबलो. उघडून पाहिलं तर गोळी नळीच्या मध्यावर अडकलेली. पावडर नव्हतीच, एकट्या प्रायमरने तिला तिथवर ढकललं होतं. मागून दुसरी सुटली असती तर नळी माझ्या हातात फुटली असती. घरी येऊन पितळी दांडा घातला, लाकडी हातोडीने ठोकत ती बाहेर काढली. अजून तो चेपलेला तुकडा बेंचवर ठेवलाय.

चूक माझीच. प्रायमर तिरका बसला म्हणून पुंगळी उपसली, दुसरी घातली, आणि ती पावडरच्या घरातून गेली की नाही हे न बघता हँडल ओढलं. त्याच वेळी फोनही वाजत होता.

याची उलटी चूक म्हणजे दुप्पट पावडर. ९ एमएमची पुंगळी जेमतेम १९ मिमी लांब, तरी जलद जळणाऱ्या पावडरची मात्रा इतकी थोडी असते की दोनदा पडली तरी आत मावते. ५५० मजबूत आहे, पण त्याची पुंगळ्या धरणारी प्लेट हाताने फिरवावी लागते. फिरवायचं विसरून हँडल पुन्हा ओढलंस तर त्याच पुंगळीत दुसरी मात्रा पडते. दिवसभर ऑफिस करून रात्री नऊला बसणाऱ्या माणसाला म्हणूनच मी प्लेट आपोआप फिरणारं मशीन सुचवतो. डिलनचा तपासणारा डाय बझर वाजवतो, आरसीबीएसचा लॉक-आउट डाय हँडलच अडवतो, हॉर्नडीच्या पावडर कॉपची दांडी वर आलेली डोळ्यांनी बघावी लागते. यातला कुठलाही मात्रेतला बारीक फरक पकडत नाही, म्हणून दर दहाव्या पुंगळीतली पावडर काट्यावर तोल.

हॉर्नडीची प्लेट अर्धी हँडल खाली येताना फिरते आणि अर्धी वर जाताना, त्यामुळे पावडर उसळत नाही. ७५० ला शेवटी झटका बसतो, पण डिलनची प्रेसची दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा अनुभव मला फार चांगला आहे. मी तुला हॉर्नडी सुचवेन. स्क्वेअर डील बी च्या वाटेला जाऊ नकोस, त्याचे डाय दुसऱ्या प्रेसला चालत नाहीत.

आणि पावडरची मात्रा मला किंवा इंटरनेटवर कुणाला विचारू नकोस. छापील मॅन्युअल घे, त्यातल्या सुरुवातीच्या मात्रेपासून सुरू कर. पहिली शंभर काडतुसं प्लेटवर एका वेळी एकच पुंगळी ठेवून भर. बेंचवर पावडरचा एकच डबा. प्रेसवर एलईडीची पट्टी लाव, गोळी ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघ.

---

पाठवणारी: शुगरलँडची ताई

काकांच्या मेलात शिशाचं आलं नाही, म्हणून लिहिते. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. धोका नुसता गोळीत नाही. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, आणि जळल्यावर ते पुंगळीच्या आत काजळीसारखं बसतं. पुंगळ्या कोरड्या टंबलरमध्ये (त्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात) फिरवल्या की तीच धूळ हवेत उडते. टंबलर घरात चालवू नका. पाणी आणि स्टीलच्या पिना घालून धुतल्या तर धूळ उडत नाही, पण ते पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायचं नाही.

बेंचवर चहा नको, चिवडा नको. उठलात की साबण लावून थंड पाण्याने हात धुवा, शर्ट बदला, मगच पोरांना उचला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. काडतुसं भरणं सुरू करण्याआधी मुलांची आणि तुमची रक्ततपासणी एकदा करून घ्या, म्हणजे पुढे तुलनेला आकडा राहील.

---

पाठवणारा: पेअरलंडकर

काका, ताई, मनापासून आभार. हॉर्नडी एपी आणि लॉक-आउट डाय, ठरलं. बेंच गॅरेजमध्ये लावणार होतो. पावडर, प्रायमर पण तिथेच ठेवू का?

---

पाठवणारा: केटीचे काका

बेंच गॅरेजमध्ये चालेल, पावडर नको. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये गॅरेजची भट्टी होते. आत एसीतल्या कपाटात ठेव, मूळ डब्यात, कुलूप लावून. एनएफपीए ४९५ या अमेरिकेतल्या स्फोटकांच्या सुरक्षा नियमावलीप्रमाणे घरात पावडर मूळ डब्यात २० पौंडांपर्यंत आणि प्रायमर १०,००० पर्यंत. तुझा कपाटभर साठा त्याच्या कितीतरी आत राहील. सांडलेला प्रायमर व्हॅक्यूमने ओढायचा नाही, हाताने उचल.

इथे अमेरिकेत स्वतःसाठी भरायला लायसन्स लागत नाही, विकायला लागतं. भरलेलं काडतूस मित्राला फुकटसुद्धा देऊ नकोस.

आणखी एक, डिसेंबरात तू मुंबईला जाणार ना? रेंजची बॅग प्रवासाला नेऊ नकोस. एखादं काडतूस कप्प्यात राहिलं तरी विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. मी रेंजसाठी लाल बॅग ठेवलीय, ती घरातून फक्त रेंजलाच जाते.

शनिवारी दहाला येतो. बेंच भिंतीतल्या लाकडी स्टडला बोल्टने आवळायचं आहे, ड्रिल तुझ्याकडे असेल ना?